पाणकाठचा लव्हाळा

आषाढ-श्रावणात नदीला महापूर येतो. गढूळ पाणी दोन्ही काठांवर चढते, बांध फोडते, शेतात शिरते आणि वाटेत सापडेल ते ओढून नेते. काठावर वर्षानुवर्षे उभे असलेले करंजाचे किंवा उंबराचे झाडदेखील, मुळांखालची माती वाहून गेली म्हणजे, एखाद्या रात्री कोसळते. तीन-चार दिवसांनी पूर ओसरतो. त्या वेळी काठावर जाऊन पाहावे. मोठी झाडे उन्मळून आडवी झालेली असतात. परंतु त्यांच्याच शेजारी चिखलाने माखलेला, गाळात लोळलेला लव्हाळा हळूहळू मान वर काढीत असतो. थोडे दिवस लोटले, की तो पुन्हा पहिल्यासारखा हिरवागार दिसू लागतो.

हे दृश्य महाराष्ट्राच्या फार जुन्या ओळखीचे आहे. तुकाराममहाराजांनी देवाजवळ लहानपण मागताना महापुराचा आणि लव्हाळ्याचाच दृष्टांत घेतला आहे. जो नम्र असतो तो तरतो, ही शिकवण त्या दृष्टांतामुळे घरोघरी पोहोचली. परंतु लव्हाळा नम्र कसा होतो, वाकूनही तो मोडत का नाही, आणि पाण्याखाली बुडूनही तो जिवंत कसा राहतो, हे प्रश्न वनस्पतिशास्त्राचे आहेत. त्यांची उत्तरे लव्हाळ्याच्या शरीररचनेतच दडलेली आहेत.

पुष्कळ लोक लव्हाळ्याला गवतच समजतात. दोघांचीही पाने लांब, अरुंद आणि हिरवी असतात. दोघांचीही फुले डोळ्यांत भरण्याजोगी नसतात. तरीही गवताचे कुल निराळे आणि लव्हाळ्याचे कुल निराळे. लव्हाळ्याच्या कुलाला शास्त्रज्ञ सायपेरेसी असे म्हणतात. मराठीत त्याला मुस्तक-कुल म्हणतात. कारण मुस्ता, म्हणजे मोथा, ही या कुलातील सर्वांत प्रसिद्ध वनस्पती होय.

या दोन कुलांतील भेद ओळखण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. लव्हाळ्याचा एक दांडा खुडावा, अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरावा आणि हलकेच फिरवून पाहावा. गवताचा दांडा गोल असल्यामुळे तो बोटांत सहज फिरतो. लव्हाळ्याचा दांडा मात्र अडखळत फिरतो, कारण त्याला तीन धारा असतात. तो आडवा कापला तर त्याचा छेद त्रिकोणी दिसतो. गवताचा दांडा बांबूप्रमाणे पेरापेरांचा आणि बहुधा आतून पोकळ असतो. लव्हाळ्याच्या दांड्यावर मात्र बुडापासून फुलोऱ्यापर्यंत एकही पेर दिसत नाही आणि तो आतून मऊ गराने भरलेला असतो. पानांची मांडणीही वेगळी असते. गवताची पाने दांड्याच्या दोन बाजूंना, एकाआड एक अशी येतात. लव्हाळ्याची पाने तीन बाजूंना येतात. गवताच्या पानाचा खालचा भाग दांड्याभोवती उघड्या अंगरख्यासारखा गुंडाळलेला असतो. लव्हाळ्यात तोच भाग सर्व बाजूंनी जुळून बंद नळीसारखा झालेला असतो.

या नियमांना थोडे अपवाद आहेत. मुस्तक-कुलातील काही वनस्पतींचे दांडे गोल असतात. एलिओकॅरिस नावाच्या प्रजातीत तर पाने जवळजवळ नाहीशीच झालेली आहेत. पाण्यातून वर आलेल्या हिरव्या काड्या एवढेच तिचे रूप, आणि अन्न तयार करण्याचे पानांचे काम त्या काड्याच करतात. उलट, तळ्याच्या काठी तपकिरी कणसे मिरविणारे उंच पाणकणीस लव्हाळ्यासारखे वाटले, तरी ते मुस्तक-कुलातले नव्हे. म्हणून एकाच खुणेवर न विसंबता दांडा, पाने आणि फुलोरा या तिन्ही गोष्टी पाहूनच वनस्पती ओळखावी लागते.

लव्हाळ्याचा फुलोरा दुरून पाहिला तर तो उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखा दिसतो. दांड्याच्या टोकाला दोन, तीन किंवा अधिक लांब पानांसारखी छदे चोहोंकडे पसरलेली असतात आणि त्यांच्या मधून बारीक देठ वर येतात. त्या देठांवर चपटी, तपकिरी किंवा पिवळसर अशी इवलीशी कणसे असतात. भिंगातून पाहिले, तर प्रत्येक कणसावर खवल्यांच्या ओळी दिसतात आणि प्रत्येक खवल्याच्या कुशीत एकेक फूल लपलेले आढळते. या फुलाला रंगीत पाकळ्या नसतात, वास नसतो, मधही नसतो. तीन केसर आणि मध्ये बीजकोश एवढाच त्याचा संसार. बीजकोशाच्या टोकाला दोन किंवा तीन केसाळ तंतू असतात.

फुलाचे हे साधेपण निष्कारण नाही. पाकळ्यांचा रंग, गंध आणि मध हे सारे कीटकांना बोलावण्यासाठी असते. लव्हाळ्याच्या कुलातील बहुतेक वनस्पतींना कीटकांची वाट पाहावी लागत नाही. त्यांचे परागकण वारा वाहून नेतो. पाणथळ जागा मोकळी असते आणि तेथे वाऱ्याला आडोसा नसतो. वाऱ्याबरोबर उडत आलेले कण पकडण्यासाठी केसाळ तंतू उपयोगी पडतात. परागीभवन झाले, की प्रत्येक फुलातून एकच लहान, कठीण फळ तयार होते आणि त्यात एकच बी असते.

ही फळे पाण्यावर तरंगत दूर जातात, गाळात मिसळतात आणि पक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलाबरोबर एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. चिखलात किती बिया दडलेल्या असतात, याचा एक प्रयोग चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने केला होता. त्याने एका लहान तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घरी आणला आणि सहा महिने झाकून ठेवला. त्यातून उगवणारे प्रत्येक रोप तो मोजून उपटून टाकीत असे. अखेर रोपांची संख्या ५३७ भरली! १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात त्याने हा प्रयोग नमूद केला आहे. कोरडे पडलेले तळे पहिल्या पावसानंतर आपोआप हिरवे का होते, याचे उत्तर या चिखलातच आहे.

आता पाण्यात जगण्याचा प्रश्न पाहू. वनस्पतीच्या मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठी प्राणवायू लागतो. साध्या जमिनीत मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून तो मुळांना मिळतो. दलदलीत या पोकळ्या पाण्याने भरून जातात आणि तेथे प्राणवायू फारच थोडा उरतो. म्हणूनच शेतात फार दिवस पाणी साचले तर ज्वारी किंवा तूर पिवळी पडून मरते. लव्हाळ्याने या अडचणीवर उपाय योजिला आहे. त्याच्या पानांत, दांड्यात आणि मुळांत हवेच्या बारीक पोकळ्यांचे जाळे असते. वरच्या भागात शिरलेली हवा या जाळ्यातून थेट मुळांपर्यंत उतरते. त्यांतला थोडा प्राणवायू मुळांतून बाहेरच्या चिखलात झिरपतो. चिखलातील लोहाशी त्याचा संयोग झाला म्हणजे मुळांवर तांबूस गंज चढतो. काळ्या चिखलातून पाणवनस्पती उपटली असता तिच्या मुळांवर अनेकदा जो तांबडा थर दिसतो, तो याच क्रियेची खूण होय.

पुराच्या पाण्यात लव्हाळा का मोडत नाही, याची कारणे तीन आहेत. पहिले कारण त्याच्या दांड्याचा आकार. मोठ्या झाडाला फांद्यांचा आणि पानांचा पसारा असतो. पाण्याचा सारा जोर त्या पसाऱ्यावर पडतो. लव्हाळ्याला फांद्या नसतात. शिवाय गोल काठीपेक्षा त्रिकोणी काठी अधिक सहजपणे पिळली जाते. त्यामुळे प्रवाहाचा धक्का बसताच लव्हाळ्याचा दांडा किंचित पिळतो, वळतो आणि प्रवाहाच्या दिशेने आडवा होतो. पाणी त्याच्याशी झुंजत नाही, त्याच्या अंगावरून निघून जाते.

दुसरे कारण जमिनीखाली आहे. पुष्कळ जातींच्या लव्हाळ्यांचे एक खोड चिखलात आडवे वाढत असते. त्याला मूलक्षोड असे म्हणतात. त्यावरून खाली असंख्य तंतुमय मुळे सुटतात आणि वर ठिकठिकाणी नवे कोंब येतात. शेजारशेजारची मूलक्षोडे एकमेकांत गुंतून चिखलाची जणू चटईच विणून टाकतात. ही चटई सहजासहजी उखडत नाही. तिसरे कारण असे, की नव्या वाढीचे कोंब याच खोडावर, मातीच्या कुशीत सुरक्षित असतात. वरची पाने तुटली, कुजली किंवा गाळाखाली गाडली गेली, तरी खालचा कोंब जिवंत राहतो आणि पूर ओसरताच वर येतो. लव्हाळ्याची नम्रता वर दिसते. त्याचा चिवटपणा जमिनीत असतो.

या कुलाचा विस्तार मोठा आहे. जगात मुस्तक-कुलातील सुमारे ५,५०० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी सुमारे २,००० जाती कॅरेक्स या एकाच प्रजातीतील असून त्या विशेषतः थंड प्रदेशांत आढळतात. उष्ण प्रदेशांत सायपेरस प्रजातीचा भरणा अधिक असतो. भारतात या कुलाच्या ५०० हून अधिक जाती आहेत. त्यांतील कित्येक जाती इतक्या सारख्या दिसतात, की त्यांचे पिकलेले फळ भिंगाखाली पाहिल्यावाचून त्या ओळखता येत नाहीत. कोणाचे फळ गुळगुळीत, कोणाचे खवल्यासारख्या नक्षीचे; कोणाचे तीन धारांचे, तर कोणाचे चपटे.

या किचकट कुलाचा ध्यास घेणारा एक विद्वान म्हणजे चार्ल्स बॅरन क्लार्क. १८३२ ते १९०६ हा त्याचा जीवनकाळ. तो मूळचा गणिताचा अध्यापक. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकविण्यासाठी तो भारतात आला आणि पुढे बंगालमध्ये शाळातपासनीस झाला. शाळा तपासण्यासाठी गावोगाव जाताना तो वाटेतील वनस्पती गोळा करीत असे. ज्या वनस्पतींकडे इतर लोक तण म्हणून पाठ फिरवीत, त्यांचाच त्याने सखोल अभ्यास केला. ब्रिटिश अमदानीतील भारतीय वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथमालेत मुस्तक-कुलाचे प्रकरण क्लार्कनेच लिहिले.

महाराष्ट्रात तर या कुलाचे नाना प्रकार घराबाहेर पडताच भेटतात. नदीकाठी व ओढ्याकाठी उंच लव्हाळे असतात. भाताच्या खाचरात रोपांबरोबर बारीक लव्हाळे उगवतात आणि शेतकऱ्याला बेणणीचे काम वाढवून ठेवतात. कोकणातील जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात तव्यासारखे तापतात. पण पावसाळा सुरू होताच त्यांवरील उथळ खळग्यांत पाणी साचते आणि बोटभर उंचीचे लव्हाळे उगवू लागतात. फिम्ब्रिस्टायलिस नावाच्या प्रजातीचे कित्येक प्रकार अशा ठिकाणी सापडतात. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे आयुष्य त्यांतील पुष्कळांना चार महिन्यांत आटोपावे लागते. या प्रजातीतील एका जातीच्या शास्त्रीय नावात रत्नागिरीचे नाव गोवलेले आहे.

या कुलातील मोथा तर घरातही येतो. दिवाळीच्या पहाटे अंगाला जे सुवासिक उटणे लावतात, त्यात नागरमोथा असतो. त्याच्या जमिनीखालील गाठींना एक मंद, मातकट सुगंध असतो. आयुर्वेदात ज्वरावर आणि पोटाच्या विकारांवर मुस्ता वापरतात. रानडुकरांनाही या गाठी आवडतात. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकातही डबक्यातील मोथा उकरणाऱ्या डुकरांचा उल्लेख आहे.

परंतु हाच मोथा शेतात शिरला म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही नावे शेतकरी एका दमात घेतो, ती काही कौतुकाने नव्हे. मोथ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. नांगराने माळ तुटली, की प्रत्येक गाठीला स्वतंत्र कोंब फुटतो. एक तण काढावयास जावे, तर त्याची दहा होतात. जगातील तणांविषयी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात मोथ्याला पहिला क्रमांक देण्यात आला. ९२ देशांत आणि ५२ पिकांत त्याचा उपद्रव नोंदलेला होता. जो चिवटपणा नदीकाठी उपकारक, तोच शेतात अपकारक ठरतो. वनस्पती चांगली की वाईट हे पुष्कळदा ती कोठे उभी आहे यावर अवलंबून असते.

मुस्तक-कुलाने मनुष्यावर केलेला सर्वांत मोठा उपकार इजिप्तमध्ये घडला. नाईल नदीच्या दलदलीत पपायरस नावाचा लव्हाळा वाढत असे. त्याची उंची चार-पाच मीटरपर्यंत जाते आणि टोकाला हिरव्या तंतूंचा मोठा झुबका असतो. प्राचीन इजिप्शियन लोक त्याच्या दांड्याची साल काढून आतील गराच्या पातळ पट्ट्या कापीत. काही पट्ट्या उभ्या आणि त्यांवर काही आडव्या मांडून त्या दाबून वाळवीत. गरातील चीक पट्ट्यांना चिकटवून ठेवी आणि लिहिण्याजोगे पान तयार होई. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे अशी लिखित पाने सापडली. त्यांपैकी काहींवर मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. गिझा येथे खुफू राजाचा मोठा पिरॅमिड बांधला जात असताना त्यासाठी चुनखडीचे दगड नावांतून कसे नेले, याची नोंद त्याने करून ठेवली होती. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे लेखन एका लव्हाळ्याच्या गरावर टिकून राहिले. इंग्रजीतील ‘पेपर’ हा शब्द या ‘पपायरस’ पासूनच आलेला आहे.

पुढे चिंध्यांपासून बनविलेला कागद इजिप्तमध्ये आला आणि पपायरसची लागवड मागे पडली. दलदली आटल्या, त्यांची शेते झाली. ज्या देशाने या वनस्पतीला अमर केले, त्याच देशातून ती जवळजवळ नाहीशी झाली. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात हसन रगाब यांनी सुदानमधून तिची रोपे आणून इजिप्तमध्ये तिची पुन्हा लागवड केली.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, दक्षिण अमेरिकेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका नावाचे विशाल सरोवर आहे. तेथील तोतोरा या लव्हाळ्याचे दांडे हवेच्या पोकळ्यांमुळे हलके असतात आणि पाण्यावर तरंगतात. ऊरोस नावाचे लोक त्यांच्या जुड्या बांधून नावा करतात. एवढेच नव्हे, तर तोतोराचे थर एकमेकांवर रचून ते तरंगती बेटे तयार करतात आणि त्यांवर घरे बांधून राहतात. खालचा थर कुजत जातो, म्हणून वर नवा थर सतत घालावा लागतो. तोतोराच्या दांड्याचा पांढरा, कोवळा बुडखा ते खातातही.

अशा नावेतून महासागर ओलांडता येईल काय, हे पाहण्याचे नॉर्वेच्या थोर हेयरडाल या संशोधकाने ठरविले. १९६९ साली त्याने पपायरसची एक नाव बांधवून मोरोक्कोच्या किनाऱ्यावरून अटलांटिक महासागरात घातली. परंतु पैलतीर गाठण्यापूर्वीच ती निकामी झाली. त्याने धीर सोडला नाही. दुसऱ्या वर्षी टिटिकाका सरोवराकाठच्या कारागिरांना बोलावून त्याने पपायरसचीच दुसरी नाव बांधविली. ती ५७ दिवसांत महासागर ओलांडून बार्बाडोस बेटाला सुखरूप पोहोचली.

भारतातही लव्हाळ्यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तामिळनाडूत ताम्रपर्णी नदीच्या परिसरात पत्तमडै नावाचे गाव आहे. तेथील विणकर कोरै या लव्हाळ्याचे दांडे भिजवून, चिरून त्यांच्या अशा बारीक काड्या काढतात, की त्यांपासून विणलेली चटई कापडासारखी मऊ होते. पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर भागात मादूर नावाच्या चटया अशाच लव्हाळ्यापासून विणतात. मणिपूरमध्ये कौना या जाड, हलक्या लव्हाळ्याची आसने आणि बैठका बनतात.

माणसाप्रमाणे पक्षीही या कुलावर जगतात. राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव नावाचे प्रसिद्ध पक्षी-उद्यान आहे. हजारो किलोमीटरांचा प्रवास करून सायबेरियातील पांढरे क्रौंच पूर्वी हिवाळ्यात तेथे येत. उथळ पाण्यातील चिखलात लांब चोच खुपसून ते लव्हाळ्यांच्या गाठी उकरून खात. त्या गाठी हेच त्यांचे तेथील मुख्य अन्न होते. वर्षे लोटली तशी त्यांची संख्या घटत गेली. प्रवासाच्या मार्गावर होणारी शिकार हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. २००२ साली शेवटची जोडी तेथे दिसली. त्यानंतर ते क्रौंच भरतपूरला आलेले नाहीत.

याच उद्यानाने आणखी एक धडा शिकविला. १९८२ साली तेथे म्हशी चारण्यास बंदी झाली. पाणथळ जागेचे रक्षण व्हावे, हा हेतू चांगला होता. परंतु म्हशी जे एक प्रकारचे गवत खात असत, ते आता अनिर्बंध वाढले आणि त्याने उघडे पाणी झाकून टाकले. पाणपक्ष्यांना हिंडण्या-फिरण्यास व अन्न शोधण्यास जागा उरेनाशी झाली. पाणथळ जागेत पाणी, गवत, लव्हाळा, पशू आणि पक्षी यांचा तोल असतो. त्यांतील एकाला हात लावला, तरी इतरांवर त्याचा परिणाम होतो.

या तोलामध्ये लव्हाळ्याचा वाटा कोणता, हे आता ध्यानात येईल. त्याच्या मूलक्षोडांची चटई काठाची माती धरून ठेवते. त्याच्या दाट दांड्यांमध्ये पाण्याचा वेग मंदावतो आणि गढूळ पाण्यातील गाळ तेथेच खाली बसतो. सांडपाण्याबरोबर आलेली काही द्रव्ये तो आपल्या वाढीसाठी शोषून घेतो. यास्तव सांडपाणी निवळण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या दलदलींत या कुलातील वनस्पती लावतात. त्याच्या आडोशाला मासे आणि बेडूक अंडी घालतात. पाणकोंबड्या घरटी बांधतात.

परंतु महापुरालाही न हटणाऱ्या लव्हाळ्याला एक संकट पेलवत नाही. तळ्यात मातीचा भराव टाकला, ओढ्याचा काठ दगड-सिमेंटाने बांधून काढला, दलदल निरुपयोगी समजून बुजविली, किंवा सड्यावरील कातळ सुरुंगाने फोडला, म्हणजे त्याचे मूलक्षोड ज्या ओल्या मातीत जगते ती मातीच उरत नाही. मग वाकण्याने काही साधत नाही. भरावावर घरे उभी राहतात. परंतु पुढच्या पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधीत येते. ते अडविण्यास, निवळण्यास आणि मुरविण्यास तेथे कोणी उरलेले नसते.

पाणथळ जागांचे हे मोल जगाला उशिराच उमगले. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी अनेक राष्ट्रांनी त्यांच्या रक्षणाचा करार केला. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर-मधमेश्वर येथे जुन्या बंधाऱ्यामुळे मोठे पाणथळ क्षेत्र तयार झाले आहे. २०२० साली त्याचा रामसर-यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले. तो मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण होय.

अशा यादीत प्रत्येक गावचे तळे किंवा ओढा जाणार नाही. परंतु गावचा ओढा गावाने राखावयाचा असतो. त्यासाठी पहिली पायरी म्हणजे त्याच्या काठी कोण कोण राहते, हे जाणून घेणे. ज्याला लव्हाळ्याचा तीन धारांचा दांडा बोटांनी ओळखता येतो आणि त्याखालच्या चिखलात काय चालले आहे हे ठाऊक असते, तो त्या काठाला पडीक जागा म्हणणार नाही.